मऊ लोण्याचा दिवस

एका राज्यात लोणी दगडाचं होत असे. ताक घुसळावं, फेस यावा, डेऱ्यात पांढराशुभ्र गोळा तरंगावा आणि बाहेर काढून वाटीत ठेवताच खट्ट आवाज व्हावा. लोक ते दगड परसात टाकून देत. सात वर्षांत त्यांचे बांध झाले होते.

पूर्वी असं नव्हतं. त्या राज्याची एक जुनी रीत होती. उंबऱ्यात कोणीही आलं, राजा असो की वाटसरू, की आधी त्याच्या हातावर गरम भाकरीचा चतकोर ठेवायचा आणि त्यावर घासाचं लोणी. लसणीची पात, भाजलेलं जिरं आणि खड्याचं मीठ घालून मळलेलं ते लोणी भाकरीवर विरघळलं, की पुढचं सगळं बोलणं गोड होत असे. पाहुण्याने "पुरे" म्हणायचं, वाढणाऱ्याने ऐकायचं नाही. दुसऱ्या "पुरे"लाही नाही. तिसऱ्या "पुरे"ला मात्र हात आवरायचा. आणि पाहुण्याने स्वतः मागायचं म्हणाल तर छे! मागून खाणं म्हणजे त्या लोकांना मेल्याहून मेल्यासारखं.

राजा वज्रकेतूच्या दूधघराची मुखत्यारी गिरजाई नावाच्या बाईकडे होती. तिच्या हातचं लोणी खाऊन दोन वैरी राजे एका पंगतीत मित्र झाले होते. एका सकाळी वाड्यात धुळीने माखलेला एक माणूस आला. गिरजाईने त्याच्या हातावर घास ठेवला. त्याने तो खाल्ला आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "पुरे."

त्याच क्षणी राजाने गिरजाईला डोळ्याने खूण केली. दुपारी सम्राटाचा वकील यायचा होता आणि वाटी एकच होती. गिरजाई घुटमळली. मग तिने वाटीवर झाकण ठेवलं.

तो माणूस म्हणजे मायाधर नावाचा जादूगार होता आणि बारा दिवस उपाशी चालत आला होता. त्याने झाकणाकडे पाहिलं, गिरजाईच्या हाताकडे पाहिलं.

"या राज्यातलं लोणी दगड होईल," तो म्हणाला. "झाकण ठेवणारा हात पंख होईल. इथला पाहुणा ज्या दिवशी आपल्या मनाने, आपल्या तोंडाने 'आणखी' म्हणेल, त्या दिवशी शाप सुटेल."

गिरजाईची मैना झाली आणि खिडकीत जाऊन बसली. राजाच्या खुणेबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. राजानेही काढला नाही.

राजाने उपाय केले नाहीत असं नाही. त्याने पाहुण्यांना "आणखी" म्हणायचा हुकूम सोडला. पाहुणे दगड चघळत "आणखी, महाराज" म्हणाले, दोघांचे दात पडले, शाप जागचा हलला नाही. हुकमाने मागितलेलं मागणं कुठे असतं? पुढे पाहुणे यायचेच बंद झाले.

गिरजाईची मुलगी सगुणा रोज त्या मैनेला दाणे घालत असे. मैना बोलायची, पण दरसाल तिचे शब्द गळत चालले होते. आधी गावांची नावं गेली, मग भांड्यांची. एका सकाळी सगुणेने विचारलं, "आई, हे काय आहे?" आणि रवी दाखवली. मैनेने मान वाकडी करून पाहिलं. जन्मभर जी रवी तिने फिरवली, तिचं नाव तिला आठवेना. आई लेकीचंही नाव विसरली की ती कायमची पाखरू होणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

वाड्याच्या कठड्यावर एक म्हातारा कावळा बसत असे. पाहुण्यांची वर्दी देणं हे त्याचं पिढीजात काम, आणि सात वर्षं तो रिकामा होता.

"मुली," तो म्हणाला, "नागझऱ्याचं पाणी, यक्षाच्या गुहेतलं मीठ आणि राक्षसिणीच्या वाफ्यातली लसूण. पाण्याने एक गोळा मऊ निघेल. मीठ आणि लसूण मळलीस की तो एका पंगतीपुरता मऊ राहील. पुढचं तुझ्या हाती."

"आणि पाहुणा?"

"तो मी आणतो. मला तरी दुसरं काम काय आहे?"

सगुणेने शिदोरीत लाह्या आणि तिळाची चटणी बांधली आणि ती निघाली.

नागझऱ्यावर पाच फण्यांचा नाग पाण्याला वेढा घालून पडला होता. सगुणेने त्याच्यापुढे मूठभर लाह्या ठेवल्या. नागाने त्या खाल्ल्या आणि म्हणाला, "पुरे." सगुणेला घाई होती. तिने लगेच पुरचुंडीला गाठ मारली आणि झरा आटला.

ती त्या कोरड्या दगडांकडे बघतच राहिली. आई चुकली म्हणून जी सात वर्षं राजवाड्यात मान खाली घालून वावरली, तीच आज तशीच चुकली होती. तिने गाठ सोडली. "असं कसं पुरे? घ्या की अजून," ती म्हणाली. दुसरी मूठ झाली, तिसरी झाली. नाग सुस्तावून बाजूला सरकला. पाणी वर आलं, इतकं गार की घागर धरणारी बोटं बधिर झाली.

यक्षाच्या गुहेत हिऱ्यामाणकांचे ढीग होते आणि मधे माणसांच्या आकाराचे खांब उभे होते. कोपऱ्यात मिठाचा एक खडा पडला होता. सगुणेने तो उचलला.

"आणखी घे," यक्ष म्हणाला.

"पुरे."

"हे माणिक घे. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं धाडू?"

"पुरे, महाराज."

"निदान एक मोती?"

"पुरे."

यक्षाने सुस्कारा सोडला. "तिसऱ्या 'पुरे'पर्यंत कोणी पोचलंच नव्हतं," तो म्हणाला आणि खांबांकडे हात केला. "जा."

राक्षसिणीचं काम मात्र सोपं निघालं नाही. डोंगराच्या उतारावर तिची लसूण हिरवीगार डोलत होती आणि ती स्वतः बांधावर पाय पसरून बसली होती. दात सुपाएवढे, पण नजर निवळ.

"काय हवंय?" तिने विचारलं.

"काही नाही," सगुणा म्हणाली. मागायचं कसं? जीभच उचलेना. तिने मुकाट्याने वाफा खुरपायला घेतला. मनात म्हणाली, बघेल, समजेल, आपणहून देईल. एक दिवस गेला, दुसरा गेला. तेवढ्यात कावळा येऊन सांगून गेला की मैना आता दोनच शब्द बोलते. सगुणा रडली, पण मागितलं नाहीच.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती शिदोरी सोडून बसली, तर राक्षसीण शेजारी येऊन टेकली आणि तिने बोट चटणीत बुडवलं.

"ए पोरी, झकास झालीय. आणखी दे ना!"

एवढी मोठी राक्षसीण, आणि लहान मुलासारखा हात पुढे करून बसलेली! सगुणेला हसू फुटलं. तिने सगळी चटणी तिच्या तळहातावर उपडी केली आणि हसता हसता तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "आणि मला तुझी लसूण दे ना, आजी. पातीसकट."

"अगं मग तीन दिवस काय दातखीळ बसली होती?" राक्षसीण म्हणाली आणि तिने ओंजळभर उपटून दिली.

सगुणा परतली तेव्हा सकाळची उन्हं दूधघरात आली होती. खिडकीतली मैना "सगू" म्हणाली. पुन्हा "सगू" म्हणाली. दुसरा शब्द उरलाच नव्हता.

सगुणेने डेऱ्यात दही घातलं, रवी लावली, दोरी ओढली. फेस दाटला तसं नागझऱ्याचं पाणी ओतलं, आणि लोणी कणाकणाने जवळ येऊन गोळा झालं. तिने ते वाटीत काढलं. आवाज आला नाही. तिने बोट लावून पाहिलं, बोट आत गेलं. मग मीठ ठेचलं, जिरं भाजून चुरडलं, लसणीची पात बारीक चिरली आणि सगळं हलक्या हाताने लोण्यात मळलं. त्या वासाने राजा सिंहासन सोडून आला. कठड्यावर कावळा सात वर्षांनी ओरडला, आणि दारात धुळीने माखलेला मायाधर उभा राहिला.

तो थकला होता. "दिलेला शाप मला परत घेता येत नाही," तो म्हणाला. "कावळ्याने बोलावलं म्हणून आलो."

सगुणेने त्याला पाटावर बसवलं आणि हातावर घास ठेवला. त्याने खाल्ला, डोळे मिटले.

"पुरे."

"असं कसं? घ्या."

"पुरे."

"एवढा एक."

"पुरे," मायाधर म्हणाला आणि त्याने हात पुसले. रीत संपली. राजाने कपाळाला हात लावला.

सगुणेने हात आवरला. पण ती उठली नाही. पाहुण्याआधी घरच्या बाईने खायचं नाही, पाहुण्यासमोर तर नाहीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती तशीच भुईवर, त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि तिने वाटी त्याच्याकडे सरकवली.

"मायाधरबाबा, सकाळपासून खपतेय, पोटात कावळे ओरडताहेत. मला एक घास लावून द्या ना. लोणी जरा जास्त लावा."

मायाधर चकित झाला. जन्मात त्याच्याकडे कोणी घास मागितला नव्हता. सगळे घाबरून देत तरी होते किंवा टाळत तरी होते. त्याने भाकरी मोडली, लोणी लावलं, तिला दिलं. ती चवीने खाऊ लागली.

"आणखी द्या," ती म्हणाली. त्याने दिलं. वाटीतलं लोणी कमी होत चाललं. मायाधर वाटीकडे बघू लागला, मग तिच्याकडे, मग पुन्हा वाटीकडे.

"अगं, सगळं संपवतेस की काय?" तो एकदम म्हणाला. "मला आणखी हवंय!"

परसातले दगडांचे बांध हळूच खचले आणि विरघळून वाहू लागले. सगळ्या राज्यात डेऱ्यांमधून लोणी मऊ निघालं. खिडकीत पंख फडफडले आणि तिथून एक पिकल्या केसांची बाई चाचपडत खाली उतरली.

राजा पुढे झाला. "गिरजाई, खूण मी केली होती," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "झाकण माझं होतं. मला क्षमा कर." आणि त्याने आपल्या हाताने तिच्यासाठी पाट मांडला.

गिरजाई बसली. तिला शब्द आठवत नव्हते, ते अजून वाटेत होते. सगुणेने वाटी पुसून शेवटचा घास तिच्या हातावर ठेवला. आईने तो सावकाश खाल्ला.

गिरजाईने रिकामी वाटी पाहिली, कोपऱ्यातली रवी पाहिली, आणि लेकीपुढे हात केला.

"सगू," ती म्हणाली, "ती रवी दे इकडे. मला आणखी हवंय."