भैरूचा डावा खांदा

“…आणि डावा खांदा?” वस्तादांनी विचारलं.

“तोही बरोबर आहे.”

“कसा बरोबर?”

“उजव्यासारखाच. दोन्ही एका रेषेत.”

“रेषेत हुते, का तू रेषेत आनलंस?”

श्रेणिक जरा घुटमळला. मग मान ताठ करून म्हणाला, “डावा वर उचललेला होता, वाकडा. हाडं कशी असतात ते मला पुस्तकातलं सगळं पाठ आहे. तेवढा मी नीट करून घेतला.”

जोर मारणारी चार-पाच पोरं जागच्या जागी थांबली. भैरू पैलवान भिंतीकडं तोंड करून हसायला लागला. चित्र त्याचंच होतं.

दस्तगीर वस्तादांनी कागद मांडीवर घेतला. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांचं दिसणं जाऊन बारा वर्षं झालेली. त्यांनी कागदावर पंजा ठेवला आणि वरून खाली फिरवला, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा.

कोळशाचं काम ते. नाक, छाती, मांड्या… एका पंजात सगळं पुसून गेलं.

“वस्ताद!” श्रेणिक ओरडलाच. “कालचा अख्खा दिवस गेलाय त्यात!”

“हाताला काय लागंना, लेका. कुनी हाय का हितं?”

“पैलवान दोन तास समोर उभे होते. एकदासुद्धा हलले नाहीत. मी सांगूनच ठेवलं होतं, हलू नका म्हणून.”

“दोन तास? न हलता?” वस्तादांनी कागद परत दिला. “मग भैरूला कशाला तरास दिलास? खांबाला लंगोट नेसवायचा हुतास.”

अख्खी तालीम हसली. श्रेणिकच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

श्रेणिक मगदूम म्हणजे काही साधासुधा पोरगा नव्हता. माणूस पुढ्यात उभा करून त्याचं हुबेहूब चित्र काढायचं, त्याला त्यांच्या कॉलेजात ‘लाइफ’ म्हणतात. त्या लाइफमध्ये चार वर्षं चारही बक्षिसं त्याचीच. त्याची आई ती कपाटात, चांगल्या कपबश्यांच्या वरच्या फळीवर मांडून ठेवायची, आणि पाहुणे आले की आधी कपाट उघडायची, मग चहा टाकायची.

पुढं बडोद्याला शिकायला जायचं त्यानं मनाशी धरलेलं. कॉलेजातून नाव एकाचंच जायचं, आणि ते लिहायचे त्याचे सर. सरांनी त्याच्या चित्रांची चळत चाळली. शेवटपर्यंत चाळली. मग बाजूला सारली.

“कुरुंदवाडला दस्तगीर वस्ताद आहेत,” ते म्हणाले. “माणूस म्हणजे काय ते मी त्यांच्याकडंच शिकलो. एक चित्र काढून त्यांना दाखव. ते म्हणाले माणूस जिवंत आहे, तर तुझं नाव जाईल. सोमवारी टपाल निघतं.”

हातात आठ दिवस होते.

वस्तादांना दिसत नाही, हे मात्र सरांनी सांगितलं नव्हतं.

“आंधळ्याकडून चित्र तपासून आण म्हणे,” श्रेणिक तोंडातल्या तोंडात पुटपुटला. पण वस्तादांचे कान तिखट.

“डोळसांनी दिली की बक्षिसं तुला. ती घे आन् जा बडोद्याला.”

श्रेणिक उठला नाही. ती चळत सरांनी कशी बाजूला सारली, ते त्याला अजून दिसत होतं.

*

दुसऱ्या दिवशी पहाटे वस्तादांनी त्याच्या हातात खोरं दिलं.

तालमीचा हौदा म्हणजे कुस्तीच्या तांबड्या मातीचा चौक. ती माती रोज उकरायची. तिच्यात ताक घालायचं, तेल, हळद, काव, लिंबं पिळायची. मग पोळ्यांची कणीक तिंबावी तशी ती पायांनी तिंबायची, गुठळी म्हणून राहता कामा नये. पहिल्या दिवशी श्रेणिकच्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिसऱ्या दिवशी त्यानं खोरं खाली टाकलं.

“मी चित्रकार आहे, वस्ताद. गडी नाही.”

“मग गड्यांची चित्रं काडू नगंस.”

…त्यानं खोरं उचललं.

चौथ्या दिवशी कागद घेऊन हौद्याच्या काठावर बसायची परवानगी मिळाली. भैरू एका जोडीदाराशी खडाखडी करत होता. श्रेणिक दंड काढायला घेई, तोवर दंड कमरेखाली गेलेला. पाय काढायला घेई, तोवर पाय आभाळात. चाळीस कागद खराब झाले. चाळीसच्या चाळीस त्यानं फाडून कोपऱ्यात ढीग केला.

“वस्ताद, हात काढायला घ्यावा तर हात तिथं नसतो.”

“मग हात कशाला काडतोस?”

“…मग काय काढू?”

वस्तादांनी हातातली काठी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली, एवढंच.

*

शुक्रवारी वस्ताद म्हणाले, “उतर.”

“कोण? मी?”

“चित्र तूच काडतोस न्हवं?”

श्रेणिकनं सदरा काढला. बरगड्या लांबून मोजाव्यात असं अंग. पोरांनी लंगोट दिला, तो त्यानं असा बांधला की भैरूनं कपाळावर हात मारला. “आन हिकडं. मधीच सुटला तर तालमीचं नाव जाईल.” आणि आईनं बांधावा तसा घट्ट बांधून दिला.

दोघं समोरासमोर आले. भैरूनं डावा हात त्याच्या मानेवर टाकला.

तेव्हा कुठं तो खांदा श्रेणिकला भेटला.

वर उचललेलं ते हाड त्याच्या गळ्याशी आलं. तिथं गाठ होती, उसाच्या पेरासारखी टणक. आणि त्या गाठीपायी हात भलत्याच वाटेनं आला. सरळ खांद्याचा हात जिथून यायचा, तिथं श्रेणिक अडवायला गेला… तिथं काहीच नव्हतं.

पुढच्या क्षणी कौलं पायांखाली आणि माती डोक्यावर. मग धप्पकन पाठ टेकली.

“चीत!” पोरं ओरडली.

वस्ताद काठी टेकत काठावर आले. “कशानं पडलास?”

“खांद्यानं.”

“कुठल्या?”

“…वाकड्या.”

“तोच तू नीट केला हुतास.”

श्रेणिक मातीतच बसून राहिला. भैरूनं त्याला हात देऊन उठवलं, पाठीवरची माती झाडली. म्हणाला, “एकविसाव्या वर्षी मोडला, जत्रंच्या मैदानात. वस्तादांनीच बसवला. कामट्या लावून, चिंध्या गुंडाळून चाळीस दिस बांधून ठिवला. बसला तो असा बसला. तवापास्नं माजी ढाक, मानंवर हात टाकून फेकायचा डाव, कुनाला कळंना. सगळी तुज्यासारकीच सरळ हाताची वाट बघत्यात.”

वस्ताद खाली वाकले होते. श्रेणिक पडला होता तिथं मातीत खळगा उमटलेला. त्या खळग्यात त्यांनी तळहात ठेवला आणि हळूहळू पुढं सरकवला.

“ही तुजी पाठ… हितं भैरूचा गुडघा… ही टाच घसरल्याली, तुजीच… आन् ही चार बोटं. धराय गेलास. काय गावलं न्हाई.”

श्रेणिक बघत राहिला.

मातीत नाक नव्हतं, डोळे नव्हते, बोटांना नखं नव्हती. पण भैरू होता. तो स्वतः होता. पडण्याआधीची भीतीसुद्धा होती, चार ओरखड्यांत.

दिवसभर तो त्या खळग्यापाशी बसून होता. पोरांनी कुस्त्या पलीकडच्या बाजूला घेतल्या.

*

शनिवारी सकाळी त्यानं भैरूकडं एक जुन्या दाराची फळी मागितली. खळ शिजवली. फाडलेल्या चाळीस कागदांचा ढीग कोपऱ्यात होता, तो आणून तुकडे फळीवर एकावर एक चिकटवले. कुठं दंड, कुठं पोटरी, कुठं नुसतीच रेघ. हौद्यातली माती घमेल्यात घेतली, डिंकाच्या पाण्यात कालवली आणि मुठीमुठीनं फळीवर मारली. थापली, ओरबाडली, टाचेनं दाबली.

जमलं नाही. खरवडून काढलं.

पुन्हा मारली. या खेपेला सवयीनं बोट वर गेलं आणि चांगलं सुबक नाक काढून आलं. त्यानं त्या नाकाकडं पाहिलं, आणि स्वतःच पंजा फिरवून पुसून टाकलं.

रविवारी सकाळी एका फाटक्या लंगोटाची चिंधी पिळून त्यानं गाठ मारली. ती गाठ मातीत रोवली, खाली कामटी दिली, उचलून धरायला. कोळसा सगळ्यात शेवटी घेतला, तोही मुठीत, खराटा ओढावा तसा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदाच ओढला.

पोरं गोळा झाली.

“म्हस लोळून गेली काय रं फळीवर?”

“आमची आय चूल सारवती, ती बरी दिसती की!”

“ह्यात डोस्कं कुठलं, पाय कुठलं? बडोद्यात उलटं टांगलं तर कळायचं बी न्हाई कुनाला.”

श्रेणिक फळीकडं बघत होता. उद्या टपाल निघणार होतं, आणि चार वर्षांची बक्षिसं सोडून त्यानं हा चिखल केला होता. हुबेहूब काढलेलं एक जरी चित्र सोबत असतं, तर सरांपुढं निदान तोंड दाखवता आलं असतं.

एक भैरू तेवढा हसत नव्हता. तो फळीपुढं उभा होता, मान तिरकी करून. त्याचा डावा खांदा आपसूक वर चढत होता.

“वस्ताद,” तो म्हणाला, “जरा या हिकडं.”

*

फळी कट्ट्याला टेकवून उभी केली. वस्ताद तिच्यापुढं बसले. काठी बाजूला ठेवली, तळहात धोतराला पुसला आणि फळीवर टेकवला.

पोरं माना पुढं काढून बघायला लागली.

हात खालच्या कोपऱ्यातून निघाला. कागदाच्या कडा, मातीचे थर, टाचेचा खड्डा. थांबला. पुढं गेला. चार ओरखड्यांवरून गेला, परत आला, एकेका बोटानं एकेक चाचपलं.

मग वर चढला, आणि गाठीवर येऊन राहिला.

“…भैरू,” वस्ताद म्हणाले.

“जी, वस्ताद?” भैरू मागून म्हणाला.

“तुला न्हाई हाक मारली.”

श्रेणिकनं भैरूकडं पाहिलं, मग फळीकडं.

हात आता भराभर फिरायला लागला. “वजन उजव्या पायावर हाय अजून… डावा निघालाय… मान खाली दाबतोय… ढाकंला निघालाय ह्यो… आला… आला, आला…”

आणि वस्ताद उठले.

काठीवाचून उठले. उजवा पाय मागं गेला, कंबर खाली बसली, पाठीचा बाक कुठल्या कुठं गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्यानं उजवा हात वर नेला, आणि मांडीवर असा शड्डू ठोकला की आढ्यावरची पारवी फडफडत बाहेर पडली.

डोळे गेल्यापासून, बारा वर्षांत, दस्तगीर वस्तादांचा शड्डू कुणी ऐकला नव्हता. तालमीतल्या निम्म्या पोरांनी तर जन्मात ऐकला नव्हता.

पहिल्यांदा भैरूनं मांडीवर थाप टाकली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग चूल सारवणारीच्या पोरानं, आणि मग सगळ्यांनी. तालीम अशी घुमली की पाराजवळचे लोक, कुणी मोठा पैलवान आला म्हणून, पळत दाराशी आले.

श्रेणिक कोपरांपर्यंत मातीनं भरलेला, हसत होता आणि नाकानं सूं सूं करत होता. काय करावं ते त्याला कळेना. त्यानंही आपल्या काटकुळ्या मांडीवर थाप मारली. आवाज फारसा आला नाही. पण त्या दिवशी त्याला कुणी हसलं नाही.

गलका निवला. वस्ताद अजून तसेच उभे होते, एक पाय मागं, फळीकडं तोंड. छातीचा भाता चाललेला, आणि तोंडावर हसू, विशीतल्या पोराचं असावं तसं.

श्रेणिक पुढं झाला. त्यानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठता उठता भीतभीत विचारलं, “वस्ताद… सरांना मग काय सांगू?”

वस्तादांनी फळीकडची मान वळवली नाही.

“सकाळच्या एस्टीनं जा,” ते म्हणाले. “…आन् तिकिटं दोन काड. जित्ता मानूस हाय संगं.”