डावखुरे हिरो

"मग ह्यात चुकलंय काय? सांगा की चाचा!"

अभिनंदन मगदूमनं आवाज चढवला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. इस्माईल पेंटरांपुढं मिरजेत असं कुणी बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. चाळीस वर्षं सिनेमाची पोस्टरं रंगवलेला माणूस. ह्या अभिनंदनला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं.

नोकरी सोडून, तीन वर्षं खपून त्यानं चित्रकथा काढली होती. सिनेमाचा आणि व्हिडिओ गेमचा सगळा इतिहास, चौकटीचौकटींतून. प्रकाशकानं गठ्ठा परत पाठवला. माहिती चोख, पण जीव नाही. सोमवारपर्यंत सुधारून द्या, नाहीतर रामराम.

"एकूण एक साल तपासलंय. एक चूक दाखवा."

चाचांनी तंबूतल्या सिनेमाचं पान पुढं ओढलं. खच्चून भरलेला तंबू, समोर पडदा, त्यावर तलवार उपसलेला हिरो.

"तलवार उजव्या हातात का रे?"

"मग कुठल्या हातात असणार?"

"आमचे हिरो डावखुरे होते."

म्हातारं भरकटलं, असं अभिनंदनच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आम्ही पडद्याच्या मागं बसायचो," चाचा म्हणाले. "मागचं तिकीट निम्म्यात. तिकडनं सगळं उलटं दिसायचं. आणि पडदा ओला असला तरच दिसायचं. वाळला की हिरो पुसट. मग आम्ही बोंब ठोकायचो, पाणी मारा, पाणी मारा! ... पुढं कमवायला लागलो. पुढच्या बाजूला खुर्चीत बसलो. हिरो उजव्या हातानं लढला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही."

ते हसले, पण डोळे भरले होते. 

मग त्यांनी गेम पार्लरचं पान घेतलं. यंत्रासमोर एक पोरगा, भोवती टाळ्या पिटणारी गर्दी. पोराचा चेहरा अभिनंदनचाच.

"हा तू?"

"हो. मला हरवणारा गल्लीत कुणी नव्हता."

"हा हात खेळत नाही. फोटो काढून घेतोय."

अभिनंदननं पान आपल्याकडं ओढून घेतलं.

"खेळलास कधी?"

तो पानांच्या कडा जुळवायला लागला.

"अभि."

"नाही." आवाज पार खाली आला होता. "आमच्या अण्णांना आवडायचं नाही. मोठी पोरं खेळायची, मी मागं उभा. संत्या पवाराचं कोपर आड यायचं. त्याच्या खालनं दिसेल तेवढंच."

बोलता बोलता त्याची मान वाकडी झाली. तिशीतला बाप्या, पण खरंच कुणाच्या तरी हाताखालनं डोकावत होता.

"काय दिसायचं?"

"पाय. हिरोचे नुसते पाय. जिंकला का मेला, ते आवाजावरनं ओळखायचं..." तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. "रोज जायचो, चाचा. शाळा सुटली की पळत."

चहावर साय धरली होती.

"पण हे कसलं पुस्तकात घालायचं?" तो म्हणाला. "इतिहास आहे तो. ह्यात बघण्यासारखं काय आहे?"

चाचांनी कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला. वर पेन्सिल ठेवली.

"संत्याच्या कोपरावर खपली होती का रे?"