न वळणारी लाल बाजू

सुरंगीच्या रानापलीकडे, खाडीच्या काठाला, शेवंती नावाची एक मुलगी राहत होती. इवलंसं घर, त्यात ती, तिची पिटुकली बहीण छबू आणि बाबा. बाबा चिऱ्याच्या खाणीत दगड काढायला जात, ते दिवेलागणीलाच परतत. आई देवाघरी गेली तेव्हा छबू तान्ही होती आणि शेवंतीही फार लहान. आता तर तिला आईचा चेहराही आठवेना. डोळे मिटले की हिरवं लुगडं दिसे, किणकिणणाऱ्या बांगड्या दिसत, पण चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. बाबांना विचारलं की ते तोंड फिरवून घेत.

एके सकाळी सुरंगीची फुलं वेचता वेचता तिला रडू फुटलं. आसवं टपटप फुलांवर पडली आणि एका फुलाच्या पिवळ्याधमक केसरांतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. दवासारखे लुकलुकते पंख, सोनसळी झगा.

"का ग रडतेस, सोनुली?"

"मला आई बघायचीय. एकदाच."

परीने ओंजळ उघडली. तिच्यातून एक रंगीबेरंगी ठोकळा तरंगत शेवंतीच्या हातात आला. लाल, हिरवे, निळे, पिवळे, केशरी, पांढरे चिमुकले चौकोन, आणि हरेक बाजू गर्रकन फिरणारी!

"सगळ्या बाजूंचे रंग जुळव," परी म्हणाली. "जुळले की आई एका दिवसापुरती तुझ्याकडे येईल आणि ठोकळा विरून जाईल. वाटेत एखादी बाजू एकरंगी झाली, तर तिच्याकडे दुसऱ्या कुणासाठी काही मागता येईल. पण मागितलंस की ती बाजू कायमची मिटेल. पुन्हा वळायची नाही."

शेवंती ठोकळा फिरवत बसू लागली. चुलीपाशी, विहिरीपाशी, फुलं ओवून झाली की अंगणात. निळा जुळे, तर पिवळा विस्कटे.

एकदा ती खाडीवर असताना नावाडी भिवाकाकांच्या होडीचं वल्हं मोडलं. ओहोटीने होडी समुद्राकडे ओढली, आतली माणसं ओरडू लागली. ठोकळ्याची हिरवी बाजू नेमकी जुळली होती. शेवंतीने ती छातीशी धरली. "होडी काठाला लागू दे!" होडी अलगद वळून वाळूला टेकली, आणि हिरवी बाजू मिटली. किती जोर लावला तरी हलेना.

आता रंग जुळवणं फार कठीण झालं. हिरव्या बाजूला वळसा घालून एकेक चौकोन दुरून आणावा लागे. बोटांना फोड आले. तरी तिने सोडलं नाही, आणि एका दुपारी ती ठोकळ्याकडे बघतच राहिली. सगळं जुळत आलं होतं. लाल बाजू तेवढी एकदा वळवायची, की झालं! आई येणार!

तेवढ्यात शेजारून किंकाळी आली. ती बायजाक्का होती, शेवंतीला येता-जाता 'अपशकुनी' म्हणणारी शेजारीण. "धावा ग कुणीतरी! माझ्या पांडूला पान लागलं!"

कुंपणाशी तिचा नातू पडला होता. पायावर सापाच्या दातांच्या खुणा, ओठ निळे पडलेले, डोळे फिरलेले.

शेवंतीची बोटं लाल बाजूवर होती; हिरवी तर मिटलेली, मागायला एकरंगी अशी आता हीच उरली होती. एकदा वळवली, तर आई. पण मग ठोकळा विरणार, आणि पांडू? त्या जुळलेल्या लाल बाजूवर तिने ओठ टेकले आणि म्हणाली, "पांडूला जगू दे."

पांडूने डोळे उघडले. लाल बाजू मिटली. बायजाक्का नातवाला उराशी धरून रडत होती. शेवंतीकडे तिचं लक्षही नव्हतं.

शेवंती रानात धावत गेली. "परीताई, ही एवढी एकच बाजू उघड ना! एकदाच!"

परी आली. तिचेही डोळे भरले होते. "मिटलेली बाजू मलाही उघडता येत नाही, बाळ. आई आता येणार नाही."

शेवंती झाडाखाली बसून खूप खूप रडली. परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. मग हळूच म्हणाली, "आई आणता येत नाही. पण तिने तुला जे दिलं, ते तुझ्यात आहे. ते मी जागं करते. डोळे मीट."

परीने पापण्यांवर फुंकर घातली. धुकं विरलं. हनुवटीवरचा तीळ, किंचित पुढे आलेला दात, हसताना बारीक होणारे डोळे... आई!

शेवंतीने डोळे उघडले तेव्हा सगळं रान सोनेरी उजेडाने भरलं होतं. त्या उजेडात परी मिसळत गेली, ठोकळाही गेला, आणि मागे उरला नुसता सुरंगीचा वास.

दिवेलागणीला ती दारात बसून छबूला सांगत होती, "आई हसली ना, की अगदी तुझ्यासारखी दिसायची." खाणीतून आलेले बाबा अंगणात थबकले. अंगावर तांबडी धूळ तशीच. ते पुढे आले, दोघींच्या मधे बसले, आणि म्हणाले, "गाणं म्हणायची ती, बेसूर. थांबा, सांगतो."

तिघंही रडत होते, आणि बाबा सांगत होते.