ठकूबाईच्या दूर्वा आणि राजाची हिरवळ

एका डोंगराखालच्या संस्थानात एक राजा होता. त्याला वाड्यापुढच्या हिरवळीचं फार वेड. हिरवळ म्हणजे काय, तर साधी हरळी. आपण शेतातून उपटून बांधावर फेकतो तीच. पण राजाच्या दारात उगवली, म्हणून तिच्या दिमतीला दहा माणसं, आणि त्या दहांवर हैबती नावाचा मुकादम. दिवाळीच्या पाडव्याचा दरबार त्याच हिरवळीवर भरायचा.

त्याच हिरवळीवर ठकूबाई गुरवीण रोज सकाळी वाड्यातल्या गणपतीसाठी दूर्वा, म्हणजे हरळीचेच कोवळे शेंडे, खुडायची. एकवीस जुड्या. तिच्या सासूनं खुडल्या, सासूच्या सासूनं खुडल्या. घराण्याचा मान होता तो. घरातली चूलही त्यावरच पेटायची.

एका वर्षी गणेशचतुर्थी झाली आणि पंधरा दिवसांत हिरवळीला तीन जागी पिवळे डाग पडले. राजानं हैबतीला विचारलं, हे काय. हैबतीनं गवताकडं बघितलंच नाही. इकडं तिकडं बघितलं, तर समोर ठकूबाई दिसली. म्हणाला, चतुर्थीला या बाईनं टोपल्या भरभरून खुडलं, हिच्याच हातानं गवत मेलं.

औषध त्याला एकच ठाऊक. पाणी. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवेलागणीला पुन्हा पाणी. डाग वाढत गेले. डाग वाढले तसं हैबतीचं बोलणंही वाढलं. शेवटी राजानं हुकूम केला, उद्यापासून बाईनं हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, दूर्वांचं काम दुसऱ्या घराला द्या.

दुसरी एखादी रडत घरी गेली असती. ठकूबाई दुसऱ्या दिवशी उजाडताच टोपली घेऊन सदरेपुढं उभी राहिली.

"सरकार, काम खुशाल काढून घ्या. पण आधी एकदा माझ्याबरोबर गवतात चला."

राजा उठला. राजा उठला म्हणून सगळे उठले.

बाईनं त्यांना आधी हिरवळीच्या कडेला, गणपतीच्या देवळाच्या पायरीपाशी नेलं. तिथली हरळी सतरंजीसारखी दाट. ती म्हणाली, "मी सगळ्यात जास्त खुडते ते इथं. देऊळ जवळ पडतं. माझ्या हातात मरण असतं तर आधी हे मेलं असतं."

हैबती म्हणाला, ही देवाची जागा, इथं गवत कसं मरेल.

"देवाला मध्ये घालू नका, हैबतराव. या इकडं आणि गुडघे टेका."

पहिला डाग कडुलिंबाखाली होता. तिथं साळुंक्या माती उकरायच्या, म्हणून हैबतीनं गोफण देऊन एक माणूसच बसवला होता. बाईनं हैबतीला मूठभर गवत ओढायला सांगितलं. त्यानं जरा ओढलं, तर घोंगडी उचलावी तसा सगळा थर हातात आला. खाली मूळ म्हणून नाही. मातीत पांढऱ्या, मुडपून पडलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. हुमणी. हातभर जागेत तीस निघाल्या.

"मी शेंडा खुडते, मुळाला माझं नख लागत नाही. मूळ हिनं खाल्लं. पावसाळ्याच्या तोंडाला तुम्ही कच्चं शेण पसरलंत, भुंगेऱ्यांनी त्यात अंडी घातली. साळुंक्या या अळ्याच वेचत होत्या, तर त्यांनाही तुम्ही हाकललंत."

हैबतीनं गवत खाली ठेवलं आणि तो बाईच्या मागं चालू लागला.

दुसरा डाग हौदापाशी. तिथं सकाळच्या दंवात पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसत होते. बाई म्हणाली, ही बुरशी. गवत तहानेलं नव्हतं, संध्याकाळच्या पाण्यानं रात्रभर ओलं राहून कुजत होतं.

तिसरा डाग अगदी राजाची गादी मांडतात तिथं. एक डाग कसला, ताटाएवढी गोल वर्तुळं. मध्ये करपलेलं, आणि कडेला मात्र गर्द हिरवं. हे कशानं होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. बोललं कोणीच नव्हतं. हैबती आभाळाकडं बघायला लागला.

ठकूबाई म्हणाली, "हे सरकारांच्या कुत्रीचं मूत."

राजाचं तोंड लाल झालं. बाईला वेशीबाहेर काढायला त्याला एक शब्द पुरला असता. तेवढ्यात मैना, राजाची लाडकी कुत्री, शेपूट हलवत आली, त्याच जागी बसली आणि सगळ्यांदेखत साक्ष देऊन गेली.

राजा हसला. पोट धरून हसला. मग म्हणाला, "ठकूबाई, चुकलो. पाडव्यापर्यंत हिरवळ तुमच्या हातात. हैबती तुमच्या हाताखाली."

बाईनं वेळ घालवला नाही. हैबतीच्या माणसांनी माती उकरून हुमणी वेचली आणि साबणाच्या पाण्यात बुडवली. राहिलेली साळुंक्यांनी संपवली, कारण गोफणवाल्याला घरी पाठवलं होतं. मातीत निंबोळीची पेंड मिसळली. जिथं उघडी जमीन पडली तिथं देवळाच्या पायरीजवळच्या हरळीची पेरं लावली. पाणी द्यायचं ते सकाळी, माती कोरडी लागली तरच. कापायचं तर बोटभर उंची ठेवून, खरवडून नाही. मैनेला परसात जागा दिली. तरी ती चुकून आलीच, तर लगेच त्या जागी कळशीभर पाणी ओतायचं. ते काम राजानं स्वतःकडं घेतलं आणि केलंही.

पाडवा आला. अनवाणी चालावं अशी हिरवळ झाली होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पिवळं पातं नाही. दरबार भरला, पण राजा गादीवर बसेना. म्हणाला, आधी ठकूबाईनं गादीपुढची जुडी खुडायची, मग मी बसायचं, आणि हे दरवर्षी. तिच्या सुना-नातसुनांनाही हाच मान. बाई ताठ मानेनं चालत आली आणि वाकून एकवीस पाती खुडली. मूळ एकाचंही हललं नाही. टोपली हैबतीनं धरली होती.

पुढं हैबतीकडं नवीन माळी आला की तो त्याला लगेच पाण्याची कळशी देत नसे. म्हणायचा, "पिवळं दिसलं की आधी गुडघे टेक. तोंड नंतर उघड."

तात्पर्य: पान पिवळं पडलं तर मूळ उकरून बघावं. न बघता औषध देणारा रोग वाढवतो आणि न बघता दोष देणारा कामाचं माणूस गमावतो.