तिसरी कोंबडी

पहाटेच्या धुक्यातून इनामदारांचा फेटा तरंगत आला. तिसऱ्या लग्नासाठी ते सारजाला बघायला आले होते. पहिल्या दोघी मागे बैलगाडीत बसल्या होत्या. मूल नाही म्हणून दोघींना वांझ ठरवलेलं. सारजाचा बाप आणि गावचे म्हातारे लाळ गाळत माना डोलवत होते.

"पोरी, काही विचारायचंय?" इनामदार मिशीवर हात फिरवत म्हणाले.

"एकाच टोपलीतली अंडी दोन कोंबड्यांखाली ठेवली, सरकार. एकही पिल्लू निघालं नाही. आता तिसरी कोंबडी आणू?"

"खुळी का काय! आधी अंडी तपास."

"मग वैद्याकडे आधी तुम्हीच जा. तिसरी कोंबडी तोवर इथंच राहील."

फेटा धुक्यात विरघळला. गाडीतलं दोघींचं हसू मात्र कितीतरी वेळ ऐकू येत राहिलं.