पाय धुण्याचं कुंड

त्या राज्यातल्या तळ्यांकाठी अंडी पिल्लं बाहेर येण्याआधीच तडकत होती, आणि का, ते कुणालाच कळत नव्हतं. ते शोधून काढण्याचं काम टेकडीवरच्या जीवशोधशाळेकडे होतं.

टिटवी दूरच्या थंड मुलखात शिकून परतली होती. यंदा खालच्या तळ्याकाठी तिच्या बहिणीची चारही अंडी तडकली. म्हणून शोधशाळेत आपल्याला प्रवेश मिळतो का, हे पाहायला ती टेकडीवर आली.

दाराशी एक दगडी कुंड होतं. पाय धुतल्याशिवाय आत कुणालाच सोडत नसत. कुंडापाशी म्हातारा खेकडा बसे आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी.

"कुठून आलीस, पोरी?"

"खालच्या तळ्यावरून."

"इतक्या लांब शिकलीस म्हणे, पण पाय गावचेच राहिले," असं म्हणत त्याने तिच्या बोटांमधला चिखल खरवडून काढला.

आत ती हरखून गेली. वटवाघळं मुळं वाढतानाचा आवाज ऐकत होती. मुंग्या एका पाकळीचे शंभर काप करून ओळीने मांडत होत्या. खंड्या पक्षी कमळाच्या पानावर पाण्याचा थेंब तोलून त्यातून बघत होता. त्याने टिटवीलाही बघू दिलं, तेव्हा माशीचा पंख तिला जाळीदार खिडकीएवढा दिसला. इथेच राहायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

शेवटचं दालन शोधशाळेचा प्रमुख बगळा स्वतः दाखवायला आला. तडकलेली हजारो कवचं तिथे कापसावर आकारानुसार लावलेली होती. यातली खालच्या तळ्याची कोणती, असं टिटवीने विचारलं. कोणतं कवच कुठल्या तळ्याचं, ते लिहून ठेवायची पद्धत तिथे नव्हती. मग तळ्यांची माती तरी कुठे ठेवली आहे, असं तिने विचारलं.

"माती?" बगळा अभिमानाने म्हणाला. "शोधून दाखव. कणभर सापडणार नाही."

त्याने प्रवेशाचं पांढरं पीस तिच्यापुढे धरलं. टिटवीने थोडा वेळ मागून घेतला आणि ती बाहेर आली.

कुंडामागे खेकडा तिच्या पायांचा चिखल एका खळग्यात ओतत होता. असे खळगे उतारभर होते. प्रत्येकापाशी खापराचा तुकडा, त्यावर तळ्याचं नाव आणि साल. खालच्या तळ्याचे तीन खळगे शेजारी शेजारी होते. पहिल्यात बारीक गोगलगाई दाटीने फिरत होत्या. दुसऱ्यात दोनच होत्या. आजच्या खळग्यात काहीच हलत नव्हतं.

टिटवीला आठवलं, अंडी घालायच्या दिवसांत कवचं टणक व्हावीत म्हणून तिची आई याच गोगलगाई शंखांसकट वेचून खायची.

"हे आत कुणाला दाखवलंत, बाबा?"

"आत जायचं तर मलाही पाय धुवावे लागतात," खेकडा म्हणाला. "आणि मला आठ आहेत."

टिटवीने आजच्या खळग्यात दोन्ही पाय बुडवले आणि कुंडाला वळसा घालून ती आत शिरली. प्रवेश जाणार, हे तिला ठाऊक होतं. पांढऱ्या फरशीवर तिची पावलं उमटत गेली. मुंग्यांचं काम थांबलं. बगळ्याने पीस पंखाखाली ओढून घेतलं.

मग खंड्या मेजावरून खाली उतरला. कमळाचं पान अलगद कलतं करून त्याने आपला थेंब तिच्या एका उमटलेल्या पावलावर सोडला. सगळे वाकले. थेंबाखाली मोहरीएवढा रिकामा शंख होता, इतका पातळ की त्यातून आरपार फरशी दिसत होती.