टिचकी आणि तहान

फार फार वर्षांपूर्वी, घरात पाणी ठेवायला माठाशिवाय दुसरं काही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि ज्यांचं छोटंसं दुकान आहे अशा मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

घाटाच्या पायथ्याशी एक तरुण कुंभारीण राहत होती. वडील गेले आणि चाक तिच्या हाती आलं. चाक फिरलं तर चूल पेटणार, थांबलं तर विझणार. त्यामुळे तिच्या जिवाला सतत घोर. दारावर कोणी थाप मारली तरी ती दचकायची.

वडिलांनी तिला एक रीत शिकवली होती. चार पाट्या मातीत एक पाटी घोड्याची चाळलेली लीद मिसळायची. भट्टीत लीद जळून जाते आणि मातीत बारीक बारीक छिद्रं राहतात. त्यांतून माठ पाझरतो, आणि पाणी गार होतं. अशा माठाचा आवाज मात्र जरा बसका येतो.

एका बाजाराला नदीपलीकडचा एक कुंभार आला. लोक माठ घेताना टिचकी मारून बघतात, तशी कोणीतरी त्याच्या माठाला मारली. ठण्ण! देवळातली घंटाच जणू. बाया तिकडे वळल्या.

एकजण जाता जाता म्हणाली, "अगं, तुझ्या माठाला पडसं झालंय का?"

सगळ्या हसल्या. कुंभारीणही हसली. दिवसभर तो 'ठण्ण' कानावर येत राहिला आणि दर खेपेला ती दचकत राहिली. 'संपलं,' तिला वाटलं. 'माझं गिऱ्हाईक गेलं.'

घरी येऊन तिनं लीद घालणं बंद केलं. माती घट्ट मळली, भट्टी दोन दिवस जास्त पेटती ठेवली. पुढच्या बाजारात तिचेही माठ खणखणले आणि दुपारच्या आत संपले.

घाटमाथ्यावर पाणपोई चालवणारी एक म्हातारी होती. तिचा तरणा मुलगा त्याच घाटात तहानेनं गेला होता, तेव्हापासून ती वाटसरूंना पाणी पाजायची. दरवर्षी माठ न्यायची ते याच घरचे. या वर्षीही ती दारी आली, माठ हातात घेऊन म्हणाली, "पोरी, या खेपेला हाताला वेगळा लागतोय गं."

"नवी पद्धत आहे, आजी. आता असेच चालतात."

म्हातारीनं विश्वासानं तीन माठ नेले.

ऐन वैशाखात, टळटळीत दुपारी, ती त्यातला एक भरलेला माठ कडेवर घेऊन घाट उतरली. तांब्या भरून पुढे धरला. "पी."

कुंभारणीनं घोट घेतला. पाणी चुलीवरून उतरवल्यासारखं होतं.

"काल एका वाटसरूनं असाच घोट घेतला आणि थुंकला," म्हातारी म्हणाली. "पुढच्या झऱ्यावर पितो म्हणाला. मी सांगेपर्यंत वळणापलीकडे गेला. झरा आटलाय. सांजेला त्याला झोळीत घालून आणला. जगला. पण नशिबानं जगला, माठानं नव्हे."

कुंभारणीनं तांब्या खाली ठेवला. "पण आजी, सगळे टिचकीच मारतात हो! त्या कुंभाराचे माठ बघता बघता गेले. मी काय करणार होते?"

"टिचकी मारतात ती तडा कळावा म्हणून. गाणं ऐकायला नाही. तहान कानाला लागत नाही, पोरी, घशाला लागते." म्हातारी उंबऱ्यावर टेकली. "आणि त्याचे माठ बायांनी नेले ते ज्वारी साठवायला. कोरडे, घट्ट, किडा शिरायला नको म्हणून. पाण्याला सगळ्यांच्या घरी तुझ्या बापाचेच माठ होते. एकीला तरी विचारलंस, कशाला नेतेस गं?"

तिनं विचारलं नव्हतं. गेलेलं गिऱ्हाईक मुळात गेलंच नव्हतं.

त्या दिवसापासून ती दारोदार फिरली. वाजणारा माठ परत घ्यायचा, पाझरणारा द्यायचा. उन्हाळाभर एवढंच काम. कोणी बोलून घेतलं, कोणी पाणी विचारलं. चार-पाच घरांनी दारच उघडलं नाही. ती घरं पुन्हा कधीच तिच्याकडे आली नाहीत.

नंतरच्या बाजारात तिनं एक भरलेला माठ पुढे मांडला. गिऱ्हाइकानं टिचकीला बोट उचललं की म्हणायची, "मारा हो, पण आधी पाणी प्या."

"आवाज बसकाच आहे गं अजून!" कोणीतरी म्हणालंच. ती या वेळी दचकली नाही.

पाणपोईवर नवे माठ मात्र तिनं सगळ्यांच्या आधी स्वतः डोक्यावरून नेले होते. वाचलेला तो वाटसरू परतीच्या वाटेवर तेव्हा तिथे टेकला होता. म्हातारीनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो प्याला आणि त्यानं ओंजळ पुन्हा पुढे केली.

तात्पर्य: शेजाऱ्याचा माल कसा खपतो हे पाहून धंदा बदलू नये, आपला माल लोक कशासाठी नेतात हे आधी विचारावं.